देवळालीचे मास्तर आणि एमएच ३४

इंग्रजीत 'डूलाली' असा एक शब्द आहे. अर्थ, डोकं ठिकाणावर नसलेला. आपण 'सटकलाय' म्हणतो ना, तसं काहीसं. आता गंमत अशी, की हा शब्द आलाय आपल्या नाशिकशेजारच्या देवळालीवरून. ब्रिटिशांच्या काळात तिथे सैन्याचा मोठा तळ होता. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत तिथे महिनोन्महिने पडून असायचे. ऊन, कंटाळा, ताप, दारू. त्यात काहींचं डोकं फिरायचं. शिपाई गेले, शब्द इंग्रजीत राहून गेला.

याच देवळालीत १९३० साली पंचवीस वर्षांचा एक तरुण शाळामास्तर म्हणून रुजू झाला आणि १९६२ ला निवृत्त होईपर्यंत तिथेच शिकवत राहिला. वर्गात गणित, वर्गाबाहेर गणित, आगगाडीत गणित. आकडे उलटे कर, सुलटे कर, फोड, जोड, पुन्हा वजा कर. हे गृहस्थ 'डूलाली' आहेत असं त्या काळच्या बऱ्याच विद्वान मंडळींना वाटत असणार. उघडपणे म्हणाले नसतील, पण वागले तसेच.

द. रा. कापरेकर. पूर्ण नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. तुम्ही नाव ऐकलं असेल, कदाचित 'कापरेकर कॉन्स्टंट' म्हणून. कॉलेजात असताना आमच्या सी प्रोग्रॅमिंगच्या लॅबमध्ये हा एक ठरलेला प्रोग्रॅम असायचा. सगळेजण एकमेकांचा कॉपी करायचे, सबमिशन व्हायचं, आणि हे कापरेकर कोण हे कुणीच विचारायचं नाही. मराठी आडनाव आहे एवढंच लक्षात यायचं.

मला ते आडनाव नीट भेटलं ते अलीकडे. तेही लायब्ररीत वगैरे नाही, मूल रोडवर.

आमचं घर चंद्रपूरचं. मी पुण्यात असतो (बाकी आयटीवाले असतात तिथेच), पण उन्हाळ्यात चार दिवस घरी जाऊन यायचं हे ठरलेलं. मे महिन्यात चंद्रपूरला कशाला जातोस, असं पुण्याचे मित्र दरवर्षी विचारतात. त्यांना काय सांगणार! तर ताई, भाऊजी, त्यांची पाचवीतली मुलगी आणि मी असे एका लग्नासाठी गडचिरोलीला निघालो होतो. चंद्रपूर सोडलं की लोहाऱ्याचं जंगल लागतं, मग मूल, सावली, आणि वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा. ऐंशी किलोमीटरच्या आसपासचं अंतर. गाडीत एसी, बाहेर भट्टी, ताईने मोबाईल काढून घेतलेला. त्यामुळे भाचीबाई पेटलेल्या.

रस्त्यावर ट्रकच ट्रक. मी तिला म्हटलं, पुढच्या ट्रकचा नंबर वाच. 'एमएच चौतीस...' पुढची अक्षरं सोड, फक्त शेवटचे चार आकडे सांग.

"४५७४."

आता हे चार आकडे मोठ्याकडून लहानाकडे लाव. ७५४४. आता उलटे, लहानाकडून मोठ्याकडे. ४४५७. वजाबाकी कर. वही-पेन भाऊजींच्या डॅशबोर्डमध्ये होतंच.

७५४४ − ४४५७ = ३०८७.

आता ३०८७ ला पुन्हा तेच कर. ८७३० − ०३७८ = ८३५२. पुन्हा. ८५३२ − २३५८ = ६१७४.

पुन्हा. ७६४१ − १४६७ = ६१७४.

"मामा, हे तर तेच आलं."

हो. आता दुसऱ्या गाडीचा नंबर घे.

दुसरी गाडी होती ६८४७. हिने मात्र तिला दमवलं. ४०८६, मग ८१७२, मग ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६... मधेच एक हातचा चुकला, पान फाडलं, पुन्हा सुरू. मी गप्प बसलो होतो. सातव्या वजाबाकीला पुढच्या सीटवरून ताई दचकेल एवढ्या मोठ्याने ओरडली, "पुन्हा तेच येऊन राह्यलं बाप्पा!"

६१७४.

तिथून पुढे आमचा प्रवास संपूच नये असं तिला वाटत होतं. टँकर, बस, दुधाची गाडी, समोरून येणारा वऱ्हाडाचा ट्रॅव्हल्स. एका मोटारसायकलवर १११२ होता. २१११ − १११२ = ९९९. तीनच आकडे उरले, आता काय करायचं? तिचं म्हणणं, इथे जादू बंद पडली. मी म्हटलं, ते पुढचं शून्य टाकू नको, ०९९९ लिही. हे तिला अजिबात पटलं नाही. "शून्याला पुढे काही किंमत नसते असं मॅडमनी सांगितलंय." बरोबरच आहे मॅडमचं. पण गाडीच्या पाटीवर ००४५ असतं ना? पाटीवर चार घरं असतात आणि चारही भरावी लागतात. हा युक्तिवाद चालला. ९९९० − ०९९९ = ८९९१, ८०८२, ८५३२ आणि आलं घरी.

सगळ्यात मजा आली ती ७७७७ ला. काळी काच, पांढरी स्कॉर्पिओ, अर्थातच कुणी तरी पुढारी. ७७७७ − ७७७७ = ०. खलास. म्हणजे लोक आरटीओमध्ये ज्यादा पैसे भरून जे नंबर घेतात, तेवढेच कापरेकरांच्या खेळात बाद! चारही आकडे सारखे नकोत, एवढी एकच अट आहे या खेळाला. आपल्यासारख्या सामान्यांना आरटीओने दिलेला कुठलाही नंबर चालतो.

वैनगंगा ओलांडल्यावर पाट्या एमएच ३३ झाल्या, मधेच तेलंगणाच्या आणि छत्तीसगडच्याही. उत्तर मात्र बदलेना. तेव्हा तिने तो प्रश्न विचारला, जो आम्ही लॅबमध्ये कधी विचारला नव्हता.

"पण काहून?"

थोडं गणित करू, घाबरू नका. समजा मोठ्याकडून लहानाकडे लावलेले आकडे आहेत क, ख, ग, घ. पहिल्या संख्येत क हजाराच्या घरात आहे, उलट्या संख्येत एककाच्या घरात. म्हणजे वजाबाकीत त्याच्या वाट्याला १००० − १ = ९९९ पट येते. घ चं नेमकं उलटं. ख शंभरातून दहात जातो, म्हणजे ९० पट. ग पुन्हा उलटा. सगळं एकत्र केलं की वजाबाकी म्हणजे ९९९ गुणिले (क − घ) अधिक ९० गुणिले (ख − ग). बस, एवढंच. ६८४७ चं बघा: आकडे ८, ७, ६, ४. टोकांचा फरक ४, मधल्यांचा फरक १. ९९९ × ४ + ९० × १ = ४०८६. जमलं.

याचा अर्थ असा की संख्या कुठलीही घ्या, पहिल्या वजाबाकीनंतर फक्त दोन फरकांना किंमत उरते. टोकांचा फरक १ ते ९ पैकी काहीतरी, आणि मधल्यांचा फरक त्याच्याहून जास्त असू शकत नाही. मोजलं तर अशा जोड्या भरतात फक्त ५४. जवळजवळ दहा हजार संख्या एका फटक्यात ५४ वर! त्यातही आकडे तेच पण क्रम वेगळा, अशा संख्या एकच धरल्या (पुढच्या पायरीला त्या पुन्हा क्रमानेच लावायच्या आहेत) तर उरतात ३०. आता तीस खोल्यांच्या वाड्यात प्रत्येक खोलीतून नेमक्या एका खोलीत जाणारी एकदिशा वाट आहे असं समजा. तुम्ही चालत राहिलात तर कुठे तरी अडकणारच. सगळ्या वाटा शेवटी एकाच खोलीत जातात हे मात्र नशीब म्हणायचं, कारण इतर आकड्यांना ते भाग्य नाही. दोन आकडी संख्यांना नुसतं फिरत बसावं लागतं: ८१, ६३, २७, ४५, ०९ आणि पुन्हा ८१. तीन आकड्यांना मुक्कामाचं ठिकाण आहे, ४९५. पाच आकड्यांना नाही.

रात्री घरी आल्यावर मी आठदहा ओळींचा कोड लिहून सगळ्या संख्या चालवून बघितल्या. सुरुवातीची शून्यं धरली तर चारही आकडे सारखे नसलेल्या ९,९९० संख्या होतात. त्यातल्या २,४०० तिसऱ्या पायरीला पोचतात, ही सगळ्यात मोठी टोळी. २,१८४ संख्यांना पूर्ण सात पायऱ्या लागतात. आठ कुणालाच लागत नाहीत. लॅपटॉपने हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत केलं. कापरेकरांनी १९४६ साली हे शोधलं तेव्हा त्यांच्याकडे कागद होता.

आता मूळ माणसाकडे येऊ. जन्म डहाणूचा, १७ जानेवारी १९०५. आई ते आठ वर्षांचे असतानाच गेली. वडील कारकून, पण ज्योतिषाचा नाद. ज्योतिषावर तुमचा विश्वास असो नसो (माझा नाही), पण पत्रिका मांडायची तर आकडेमोड सफाईने यावी लागते, आणि ती गोडी बापाकडून मुलाकडे आली. शाळा ठाण्याला. तिथे कोडी सोडवण्यात तासन्‌तास जायचे. मग पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज, आणि १९२७ साली स्वतंत्र गणिती कामासाठीचं रँग्लर र. पु. परांजपे पारितोषिक. हे परांजपे म्हणजे १८९९ साली केंब्रिजच्या परीक्षेत पहिले येऊन 'सीनियर रँग्लर' झालेले पहिले भारतीय. त्यांच्या नावाचं बक्षीस मिळवलेला पोरगा पुढे विलायतेला जाणार, निदान प्रोफेसर तरी होणार, असं कुणालाही वाटलं असतं. १९२९ ला मुंबई विद्यापीठाची बीएस्सी झाली आणि पुढच्या वर्षी स्वारी देवळालीला शाळेत. एमएस्सी नाही, पीएचडी नाही, मार्गदर्शक नाही. गणितातलं पुढचं शिक्षण त्यांनी कधी घेतलंच नाही.

मला त्यांच्या कामात सगळ्यात जास्त आवडतात ती नावं. आपण व्हेरिएबलला नाव देताना टेम्प वन, टेम्प टू असं करतो, आणि हे बघा. डेम्लो संख्या. हे कुणा गणितज्ञाचं नाव नाही, जीआयपी रेल्वेवरच्या एका स्टेशनचं आहे, म्हणजे आजचं डोंबिवली. तिथे ही कल्पना सुचली म्हणून संख्यांना स्टेशनचं नाव! १६५ घ्या: दोन टोकं १ आणि ५, बेरीज ६, आणि मधे ६. २५५३: टोकांची बेरीज ५, मधे ५५. त्यातल्याच खास 'वंडरफुल' डेम्लो संख्या म्हणजे १२१, १२३२१, १२३४३२१. त्या ११, १११, ११११ यांचे वर्ग आहेत. डोंबिवलीकरांनी अजून स्टेशनवर याची पाटी का लावली नाही, देव जाणे. लोकलची वाट बघताना लोकांना काहीतरी उद्योग मिळाला असता.

मग हर्षद संख्या, म्हणजे आनंद देणाऱ्या. आपल्याच आकड्यांच्या बेरजेने जिला भाग जातो ती. १२ ला ३ ने जातो, झालं. रामानुजनची सुप्रसिद्ध १७२९ सुद्धा हर्षद आहे: १ + ७ + २ + ९ = १९, आणि १९ × ९१ = १७२९.

आणि स्वयंभू संख्या. कुठलीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच आकड्यांची बेरीज मिळवा. २१ + २ + १ = २४. म्हणजे २४ ला २१ ने जन्म दिला. २४ + ६ = ३०. ३० + ३ = ३३. अशी वंशावळ पुढे चालू. पण काही संख्यांना आईबापच नाहीत. २० बघा, कुठल्याही संख्येपासून ती अशा रीतीने मिळत नाही. ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७ याही तशाच, आणि १०८ सुद्धा. जपमाळेतले मणी स्वयंभू निघाले! शंकराच्या पिंडीला आपण स्वयंभू म्हणतो तो शब्द या माणसाने उचलून संख्यांना दिला आणि १९६३ साली देवळालीहून त्यावर पुस्तिका काढली. उलट काही संख्यांना दोन-दोन जन्मदाते असतात. १०१ ही ९१ पासूनही मिळते आणि १०० पासूनही. तिला त्यांनी नाव दिलं जंक्शन. पुन्हा रेल्वे! आमच्या बल्लारशाहात वाढलेल्या कुठल्याही पोराला जंक्शन म्हणजे काय हे समजावून सांगावं लागणार नाही.

कापरेकर संख्या राहिलीच. ४५ चा वर्ग २०२५. मधोमध तोडा: २० + २५ = ४५. २०२५ साली हा मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरत होता, तुम्हालाही आला असेल; त्यात कापरेकरांचं नाव बहुतेक नव्हतं. ५५ चा वर्ग ३०२५, ३० + २५ = ५५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७. ७०३ चा स्वतः करून बघा.

तर एवढं सगळं करूनसुद्धा आपल्याकडच्या गणितज्ञांनी त्यांना फारसं मनावर घेतलं नाही. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ जाहीर केला. छापून आला तो न्यूयॉर्कच्या 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका'मध्ये, १९५३ आणि १९५५ साली. बाकीचं काम साध्यासुध्या मासिकांत, नाहीतर स्वतःच छापलेल्या पुस्तिकांत.

यात नुसता विद्वानांचा दुष्टपणा होता असं मला वाटत नाही. त्यांचा आक्षेप समजून घेण्यासारखा आहे. रामानुजनला केंब्रिजला नेणाऱ्या हार्डीने १९४० साली एक छोटं पुस्तक लिहिलं, 'ए मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी'. त्यात तो म्हणतो की ८७१२ आणि ९८०१ या उलट्या संख्यांच्या पटीत असतात (८७१२ = ४ × २१७८, ९८०१ = ९ × १०८९), हे कोड्यांच्या सदराला ठीक आहे, पण खऱ्या गणितज्ञाला भावेल असं त्यात काही नाही. आता योगायोग असा, की ९८०१ म्हणजे ९९ चा वर्ग, आणि ९८ + ०१ = ९९. अस्सल कापरेकर संख्या! हार्डीने बोट ठेवलं ते नेमकं आमच्या मास्तरांच्या अंगणात.

मुद्दा काय, तर या गमती संख्येच्या नसून ती लिहिण्याच्या पद्धतीच्या आहेत. आपल्याला दहा बोटं म्हणून आपण दहाच्या पायावर लिहितो. मी ६१७४ हेक्समध्ये लिहून बघितला: १८१ई. मग मोठा-लहान लावून वजाबाकी केली तर येतं डी६८३. जादू गायब. मूळ संख्या मूळच असते, मग ती दहात लिहा नाहीतर सोळात. ६१७४ चं तसं नाही. तेव्हा हार्डीचं म्हणणं तर्काला धरून आहे. पण मला ते अर्धंच पटतं. हार्डी विचारतोय की यातून गणित किती पुढे गेलं. मूल रोडवर मागच्या सीटवर बसलेल्या पाचवीच्या मुलीने दीड तासात आपण होऊन चाळीसएक चार आकडी वजाबाक्या केल्या, हातच्यासकट, आणि शेवटी 'काहून' विचारलं, हे हार्डीच्या हिशोबात कुठेच बसत नाही. एरवी याच मुलीला पाच वजाबाक्यांचा गृहपाठ करायला ताईला दोनदा रागवावं लागतं. कापरेकर बत्तीस वर्षं शाळेत होते. आपण काय करतोय हे त्यांना हार्डीपेक्षा जास्त कळत असणार असं मला वाटतं, पण हे माझं मत.

याला जोडून एक गोष्ट. माझा एक शाळेतला मित्र भामरागडच्या बाजूला जिल्हा परिषद शाळेवर मास्तर आहे. लग्नात तो भेटला, भाचीने त्याला तिची वही दाखवली, आणि आमचं बोलणं आकड्यांवरून आकड्यांच्या नावांवर गेलं. त्याच्या वर्गात बहुतेक मुलं माडिया. घरी गोंडी बोलणारी पोरं एक ते सात मोजतात ते साधारण असं: उंदी, रंड, मुंद, नालुंग, सैयुंग, सारुंग, येरुंग. तिकडे खाली सिरोंच्याला तेलुगू बोलतात, त्यांचं ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू. रंड-रेंडू, मुंद-मूडू, नालुंग-नालुगू, कान देऊन ऐकलं तर नातं लगेच कळतं, दोन्ही द्राविडी भाषा. आणि शाळेत आल्यावर या मुलांसमोर उभी राहते आपली मराठी: एकोणतीस, त्रेसष्ट, सत्त्याण्णव. लिहिताना आधी ९ मग ७, म्हणताना आधी सात मग नव्वद. वर एकोणतीसमध्ये तर नऊही नाही आणि वीसही नाही, थेट तिसातून एक उणा!

२०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची पर्यायी पद्धत दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतं? विधानसभेपर्यंत गेला विषय. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर, आणि त्यांची सोशल मीडियावर जी टिंगल झाली ती वाचवत नव्हती. टिंगल करणाऱ्यांपैकी कितीजणांनी माडिया मुलाला 'एकोणसत्तर' शिकवून बघितलं असेल? मित्र म्हणाला, मला तेव्हाच बाई भेटल्या असत्या तर पाया पडलो असतो.

बरं, या मुलांना आकड्यांशी वैर आहे असं मुळीच नाही. गोंडांमध्ये कुळं देवांच्या संख्येवर ओळखली जातात, चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे. ज्यांची देवसंख्या एक ते भाऊबंद, त्यांच्यात लग्न होत नाही. म्हणजे आपला एक आकडा तिथल्या पोराला आडनावासारखा माहीत असतो. आणि उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम आला की घरातली सगळी मोजायला बसतात. आपल्याकडे ७० पानांचा एक पुडा, आणि असे हजार पुडे म्हणजे एक प्रमाण गोणी. मोजण्यात चूक झाली तर पैसे कमी येतात, त्यामुळे चूक होत नाही.

मित्राने शाळा सुरू झाल्यावर तो खेळ वर्गात करून बघितला. गाड्या त्या रस्त्याला किती येणार, म्हणून चिठ्ठ्यांवर ० ते ९ लिहून डब्यात टाकले. चारजणांनी एकेक चिठ्ठी उचलायची आणि पुढे येऊन उभं राहायचं. आधी मोठा ते लहान रांग, मग उलटी रांग. वजाबाकी फळ्यावर, फळ्याजवळच्या पोराचा जो कुठला 'सात' असेल त्या सातात. सेव्हन, सात, येरुंग, काहीही. चिठ्ठीवरचा ७ तोच. त्याने मला फोनवर एवढंच सांगितलं, की मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि कुणी उठलं नाही. जि. प. शाळेत खिचडीच्या वेळेला हे घडणं म्हणजे काय, ते शिक्षकालाच कळेल.

कापरेकर १९६२ ला निवृत्त झाले. १९६६ ला पत्नी गेल्या. पेन्शन पुरेना, म्हणून ते गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेऊ लागले. हे वाचताना मी जरा थांबलो. आज ज्यांच्या नावाचा प्रोग्रॅम जगभरातल्या कॉम्प्युटर लॅबमध्ये पोरं लिहितात, ते साठी उलटल्यावर पोट भरण्यासाठी दहावीबिहावीच्या शिकवण्या घेत होते. कुणाची दया यावी म्हणून सांगत नाहीये, आकड्यांचं वेड त्या काळातही कमी झालं नव्हतं. फक्त त्या वेडाचा पगार मिळत नव्हता.

मग मार्च १९७५. अमेरिकेच्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनरचं गणिती खेळांचं सदर असायचं. त्या वेळी जगातले अर्धे गणितवेडे ते सदर वाचूनच वेडे झाले होते असं म्हणायला हरकत नाही. त्या महिन्यात गार्डनरने देवळालीच्या या निवृत्त मास्तरांवर आणि त्यांच्या संख्यांवर लिहिलं. स्वयंभू संख्या, जंक्शन, ६१७४, सगळं जगभर गेलं. कापरेकर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. नंतर जपानपासून अमेरिकेपर्यंत लोकांनी पाच आकडे, सहा आकडे, वेगवेगळे पाये घेऊन त्यावर पेपर लिहिले. १९८६ साली कापरेकर देवळालीतच वारले.

पाच आकड्यांचं मघाशी अर्धवट सोडलं होतं. तिथे थांबायची खोली नाही, तीन वेगवेगळी चक्रं आहेत. एक अगदी छोटं, ५३९५५ आणि ५९९९४, हे दोघं एकमेकांकडे चेंडू टाकत बसतात. दुसरं चौघांचं, ६१९७४, ८२९६२, ७५९३३, ६३९५४. तिसरंही चौघांचंच, आणि ते मी इथे लिहीत नाही. पाच आकडे घ्या, कागद घ्या, आणि कॉम्प्युटर बंद ठेवा. पहिल्या दोन चक्रांत अडकलात तर दुसरी संख्या घेऊन बघा.